जाऊबाई, शेपटं खाली आहेत

११ जानेवारी

जाऊबाई,

पाकिटावरचं अक्षर बघून तुम्ही ते दोनदा उलटसुलट केलं असेल, की नक्की आपल्यालाच आलंय ना. तुम्हालाच आहे. फोन करणार होते, पण फोनवर तुम्ही नुसतं "हं" म्हणता आणि मग मला पुढचं सुचत नाही. कागद निदान "हं" तरी म्हणत नाही.

इकडे सगळं ठीक आहे. मामंजींचा खोकला तसाच. डॉक्टरांनी शेडमधल्या धुळीत पाऊल टाकायला बंदी केल्यापासून ते काचेच्या खिडकीबाहेर खुर्ची टाकून बसतात आणि आतल्या माणसांना बोटानेच हुकूम सोडतात. तुमचे धाकटे दीर बरे आहेत. मोठ्या शेडमधली डुकरं खाऊनपिऊन सुखी आहेत. जाताना तुम्ही म्हणाला होतात, "शेपटं न छाटता ठेव हो, पण पुसायला फडकी जास्त घेऊन ठेव." तर ती फडकी अजून घडीचीच आहेत, एवढं मुद्दाम कळवायचं होतं.

आणखी एक. थंडीत उत्तरेच्या झडपा तुम्ही कितपत उघड्या ठेवत होतात? चौथ्या कप्प्याकडे जरा गारवा वाटतो. विशेष काही नाही.

भावोजींना नमस्कार.

तुमची धाकटी जाऊ


१७ जानेवारी

जाऊबाई,

"विशेष काही नाही" हे मागच्या पत्रातलं वाक्य खोटं होतं. तुमचं उत्तर आलं नाही ते बरंच झालं, नाहीतर मी ते खोटं तसंच पुढे रेटलं असतं.

चौथ्या कप्प्यातली शेपटं खाली आली आहेत.

तुम्हाला यातलं सांगायला नको, पण तुमच्या हाताखालच्या डुकरांना शेपटंच नसायची, त्यामुळे हे बघायची वेळ तुमच्यावर कधी आली नाही. खाद्य पडलं की ती टाकीत तोंड घालतात आणि आपल्याकडे पाठ करून उभी राहतात. शेपूट वर गुंडाळलेलं असलं की सगळं बरं आहे. ते सरळ लोंबायला लागलं, पायांत गेलं, की समजायचं आत काहीतरी बिनसलंय आणि दोन-चार दिवसांत एकमेकांना चावायला सुरुवात होणार. डुकरपालनाच्या प्रशिक्षणात आम्हाला हे फोटो दाखवून शिकवलं होतं. तेव्हा मी वहीत छान चित्र काढलं होतं. आता समोर अख्खा कप्पा शेपूट घालून उभा आहे. मला शेपूट असतं तर तेही या घडीला पायांतच असतं.

मला भीती वाटते, जाऊबाई. हे इथे कुणाला सांगता येत नाही, कारण शेपटं ठेवायची हा हट्ट माझा. रोज सकाळी शेडच्या कडीवर हात ठेवते आणि तो तिथेच राहतो. आत काय दिसेल, कुणास ठाऊक. हे मागून येतात आणि म्हणतात, "कडी गरम करतेस का?" मी हसते. मग डोळे अर्धवट मिटून दार ढकलते.

मामंजींची अट तुम्हाला ठाऊकच आहे, तुमच्यासमोरच तर घातली. ही एक खेप माझ्या हातात. शेडमध्ये रक्त दिसलं की माझं शहाणपण संपलं, मोठं शेड ह्यांच्याकडे आणि पिल्लांची शेपटं छाटायची गरम कातर परत खुंटीवरून खाली. महिन्याभरात दोन डुकरिणी वितील. त्यांच्या पिल्लांची शेपटं राहणार की जाणार, हे आता या चौथ्या कप्प्यावर आहे. त्या दिवशी मामंजी "एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत" म्हणाले, तुम्ही एप्रन काढून खुर्चीवर ठेवलात आणि आठवड्यात भावोजींना घेऊन शहरात गेलात. इतकी वर्षं कातर तुम्ही चालवलीत, आणि तुमच्या हातचं काम बंद करताना तुम्हाला एक शब्द विचारावा असं कुणाला वाटलं नाही. मलाही नाही. हे लिहायचं ठरवलं नव्हतं, लिहिलं गेलं.

असो. मी हातपाय गाळून बसलेले नाही. दोऱ्या टांगल्या, पेंढा दुप्पट टाकला, म्हणजे चघळायला काहीतरी मिळेल. झडपा बंद केल्या. त्या उघड्या ठेवल्याबद्दल शीळवाल्याला झाडलं. हा तुमच्यानंतर ठेवलेला गडी, दिवसभर शीळ घालत असतो म्हणून हे नाव. तो म्हणाला, झडपा त्याने उघडल्याच नाहीत. मग काय झडपांनी स्वतःहून तोंड वासलं?

आणि त्या कप्प्यात एक पिटुकली आहे. खेपेतली सगळ्यांत लहान, कानावर काळा ठिपका. टाकीला चारच तोंडं, आणि मोठी धेंडं तिला ढुशा देऊन हाकलतात. चावाचावी सुरू झाली तर पहिली हीच जाईल म्हणून तिला उचलून सहाव्यात टाकली. निदान एक जीव तरी वाचवला म्हणायचा.

धाकटी


२५ जानेवारी

जाऊबाई,

तुमचं कार्ड मिळालं. ना मायना, ना सही. "जखमेचं मलम वरच्या फळीवर, डावीकडे, जुन्या बुटांमागे." एवढंच. मी ते तीनदा वाचलं आणि स्टोअरमध्येच पोत्यावर बसून रडले. मलम तिथेच होतं.

आणि त्याची गरज पडली. तेच सांगायला बसले आहे.

मंगळवारी कडी काढली आणि आवाजावरूनच कळलं. ओरडणं नव्हतं. उलट सगळे गप्प होते आणि एकच काहीतरी चघळल्यासारखं ऐकू येत होतं. सहाव्या कप्प्यात एक चांगला वाढलेला डुक्कर भिंतीत तोंड खुपसून उभा होता. त्याचं शेपूट अर्धं गेलं होतं, आणि मागे उभी असलेली त्याच्या रक्ताकडे जात होती. एकाला चव लागली की बाकीच्यांना लागते, हे पाठ होतं मला. पाठ असणं वेगळं. मी गजाला धरून उभी राहिले आणि हे ओरडल्यावर आत गेले.

चावलेले तीन बाहेर काढले आणि आजारी जनावरांच्या खोलीत नेले. मलम लावता लावता अर्धं माझ्याच बाहीला लागलं. एक आनंदाची गोष्ट म्हणजे चौथा कप्पा सुधारला. तिथली शेपटं पुन्हा वर आली. म्हणजे झडपांचं खरंच होतं, नाही का?

पिटुकली बिचारी कोपऱ्यात माझ्या बुटांना चिकटून उभी होती. तिच्या तोंडावरसुद्धा रक्त उडालं होतं. तिला तिथे ठेववेना, म्हणून दुसऱ्या कप्प्यात नेलं. तिथली सगळ्यांत शांत आहेत.

शीळवाला गेला. मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, की सहाव्याचं पाणी तू बंद ठेवलं होतंस का. तो म्हणाला, "वहिनी, तुम्हाला कुणाच्या तरी डोक्यावर हे ठेवायचंय. माझं ठेवा." आणि बूट धुऊन, जागच्या जागी ठेवून गेला. आता शेड फारच शांत वाटतं, आणि त्या शांततेचीही मला भीती वाटते.

मामंजींनी खिडकीतून लाल फडकी पाहिली. बोट वर केलं, मग खाली घेतलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

जाऊबाई, तुम्ही असता तर काय केलं असतंत? मला टोमणा मारा, पण सांगा.

धाकटी


२ फेब्रुवारी, सकाळी

जाऊबाई,

आता दुसरा कप्पा. सगळ्यांत शांत म्हणून ज्यांचं कौतुक केलं तेच. दोन शेपटं फाटली आहेत. आणि सहावा सुधारतोय. मला वेड लागायची पाळी आली आहे. एक कप्पा बरा होतो तोवर दुसरा बिघडतो, जणू कुणीतरी आत फिरतंय. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. हवा तपासली, पाणी तपासलं, खाद्य हातात घेऊन वास घेतला. सगळं ठीक म्हणाले. मी म्हटलं, ठीक आहे तर हे काय आहे? ते म्हणाले, एक दिवस बसून नुसतं बघा. बसायला वेळ कुणाला आहे? आणि खरं सांगू, बघायचीच तर भीती वाटते. मी आत जाते, काम करते, जखमा बघते आणि पळते.

ह्यांनी काल विषय काढला, की उगाच ताणू नये, कातर परत सुरू करू, यात कुणाची हार-जीत नाही. मला त्यांचाही राग नाही. त्यांनाही झोप नाही.

मी सगळं केलंय हो. दोऱ्या, पेंढा, झडपा. चावलेल्यांना लगेच हलवलं. पिटुकलीला तर एवढं जपलं, चौथ्यात शेपटं खाली आली तशी सहाव्यात नेली, सहाव्यात रक्त निघालं तशी दुसऱ्यात

थांबा.

जाऊन बघून येते.


त्याच दिवशी, रात्री

मी बसले. दुसऱ्या कप्प्यासमोर बादली पालथी घालून बसले, खाद्य पडायच्या वेळेला. कधी एकदा उठते असं होत होतं, पण गज घट्ट धरून बसले.

टाकीला चौघे लागले. पिटुकली मागे. ती एका बाजूने घुसू पाहते, ढुशी मिळते. दुसऱ्या बाजूने, पुन्हा ढुशी. मग ती थोडी थांबली. अगदी विचार केल्यासारखी. आणि समोरच्याचं शेपूट तोंडात धरून तिने जोरात ओढलं. तो किंचाळून बाजूला झाला. त्याच्या जागेवर पिटुकली गेली आणि खायला लागली.

बस. एवढंच होतं.

ती ना चेवाने चावत होती, ना रागाने. तिला जागा हवी होती आणि जागा मिळवायचा एक उपाय तिला सापडला होता. आणि मी, दया म्हणून, तिला उचलून उचलून एका कप्प्यातून दुसऱ्यात नेत होते. रोग मीच कडेवर घेऊन फिरत होते, जाऊबाई. तोंडावरचं रक्त मी स्वतः पुसलं, ओल्या फडक्याने, लाडाने. आणि शीळवाल्याला घालवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

हे येऊन माझ्या शेजारी उभे राहिले. मी त्यांना दाखवलं. ते वाकून बघायला लागले.

"मग काय, हिला काढायची?" त्यांनी विचारलं.

"हिला जेवायला बसवायची," मी म्हटलं. "सगळ्यांबरोबर."

प्रशिक्षणात खाण्याच्या जागेवर एक अख्खा तास होता. मला तेव्हा वाटलं, टाकीतलं खाद्य दिवसभर पुरतं, पाळीपाळीने खातील की. पाळी माणसं पाळत नाहीत, डुकरं काय पाळणार! आम्ही पावसाच्या पाण्याचा जुना मोठा पाइप उभा चिरला आणि भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब गव्हाण करून लावली. आता कुणीच मागे राहत नाही. पिटुकली शेवटच्या जागेवर उभी राहून अशी खाते की पोट जमिनीला टेकतं.

शीळवाल्याच्या घरी मी स्वतः गेले. तो दारात आला आणि मी जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं विसरले. चूक माझी होती एवढंच म्हटलं. तो उद्या येतो म्हणालाय.

धाकटी


१२ फेब्रुवारी

जाऊबाई,

सगळ्या कप्प्यांत गव्हाणी लागल्या. शेपटं वर आहेत. काल एकामागून एक कप्पे बघत गेले, आणि शेवटी गेल्यावर लक्षात आलं की मी डोळे पूर्ण उघडे ठेवून चालत होते.

म्हणून नाचत मामंजींकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, खोकले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "रक्त मी पाहिलं. बोलणं झालं होतं."

मी म्हटलं, कारण सापडलंय, आता होणार नाही. ते म्हणाले, कारण दर वेळी नवं असतं. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "तू यायच्या आधी मी एकदा अर्धं शेड गाडलंय. शेपटापासून सुरुवात झाली आणि पाठीच्या कण्यापर्यंत सडली ती. स्वतःच्या हाताने गाडलीत. पुन्हा नाही." इतकी वर्षं मी त्यांना हट्टी समजत आले. ते घाबरलेले आहेत. माझ्याइतकेच, कदाचित जास्त. हे कळल्यावर मला भांडताही येईना.

मग त्यांनी पुढचं सांगितलं. दोन्ही डुकरिणी व्याल्या आहेत. माझ्या हाताने कातर चालणार नाही हे त्यांना माहीत आहे, ह्यांचाही हात धजत नाही. म्हणून तुम्हाला बोलावलंय. आणि तुम्ही "येते" म्हणालात.

मला ते "येते" खरं वाटेना. महिनाभर मी तुम्हाला लिहितेय. जे नवऱ्याला सांगितलं नाही ते तुम्हाला लिहिलं. आणि तुम्ही मला एक मलमाचं कार्ड आणि त्यांना "येते"?

जाऊबाई, मी तुम्हाला अडवू शकत नाही. दारात आडवी पडणाऱ्यांतली मी नाही. एकच मागणं आहे. बाळंतिणींच्या खोलीत जाण्याआधी मोठ्या शेडमध्ये या. खाद्य पडताना मागे उभ्या राहा आणि नुसतं बघा. त्यानंतर तुमच्या हाताला जे वाटेल ते त्याने करावं.

तुम्ही नाही आलात बघायला, तर मला वाटतं मी तुमच्याशी पुन्हा बोलू शकणार नाही. हे धमकी म्हणून लिहीत नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

धाकटी


२० फेब्रुवारी

जाऊबाई,

तुम्ही आलात आणि गेलात. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत.

मी मोठ्या शेडच्या दारात उभी होते, खाद्य सोडायचं थांबवून. तुम्ही अंगणातून सरळ गेलात. मामंजींसमोर एप्रन बांधलात, खुंटीवरची कातर काढलीत, विजेची तार लावून तापवलीत आणि बाळंतिणींच्या खोलीचं दार आतून लावून घेतलंत. मामंजी खुर्ची घेऊन त्या दाराबाहेर बसले. मी त्यांच्या मागे उभी होते. हे तिथून निघून गेले.

पहिलं पिल्लू ओरडलं. मग चरचर असा आवाज, आणि फटीतून करपल्याचा वास आला. मामंजींनी मान हलवली. मग दुसरं ओरडलं. तुमचा हात पूर्वीसारखाच चालत होता, ना घाई ना थांबणं. एकेक किंकाळी, एकेक चरचर. मी कान झाकले नाहीत, मुद्दाम. प्रत्येक किंकाळीला मी तुमचा द्वेष केला. आयुष्यात मी कुणाचा एवढा द्वेष केलेला नाही, आणि त्या द्वेषाचीही मला भीती वाटली, कारण तो संपेना.

तुम्ही बाहेर आलात. मामंजींना म्हणालात, "झालं काम." पाणी देते म्हटलं तर "बस चुकेल" म्हणालात. मामंजी त्या रात्री महिन्यानंतर पहिल्यांदा न खोकता झोपले.

मी दोन दिवस त्या खोलीत गेले नाही. शीळवाल्यालाच पाठवलं. तो आला तेव्हा चेहरा काही विचित्रच. "वहिनी, तुम्ही स्वतः जाऊन या," एवढंच म्हणाला. मला वाटलं, पिल्लांच्या जखमा चिघळल्या असणार. आज सकाळी त्या कडीवर हात ठेवला तो पुन्हा तसाच राहिला. पुन्हा डोळे मिटले.

पिल्लं दूध पीत होती. ओळीने, आपल्याकडे पाठ करून.

मी एकेक उचलून पाहिलं. एकूण एक. प्रत्येक पिल्लू किंचाळलं, तसंच, जसं परवा किंचाळत होतं. उचललं की ती किंचाळतातच, हे मी कसं विसरले? सगळी शेपटं जागेवर होती. ओली, बारीक, दोऱ्याएवढी.

पिल्लांच्या उबेसाठी लावलेल्या दिव्यामागे तुमचा जुना चामड्याचा हातमोजा सापडला. बोटांपासून मनगटापर्यंत भाजलेला. मी चटके मोजले. जितकी पिल्लं, तितके चटके. प्रत्येकाला उचलून, किंचाळायला लावून, तुम्ही कातर हातमोज्यावर टेकवलीत. एकही चटका कमी नाही. बाहेर बसलेला माणूस मोजत असेल, हेही तुम्ही धरलं होतंत.

मी तिथेच खाली बसले आणि हसायला लागले, आणि मग ते हसणं राहिलं नाही.

आता मला नवी भीती आहे. दूध तुटलं की ही पिल्लं मोठ्या शेडमध्ये न्यावी लागतील, आणि ती वाट मामंजींच्या खिडकीसमोरूनच जाते. ते बघतील. त्यांच्या समोर तुम्ही धडधडीत खोटं बोललात, तुम्ही, ज्यांनी कधी साधी थापसुद्धा मारली नाही. ते माझ्यावर ओरडतील ते मी सोसेन. पण ते पुन्हा घाबरतील, आणि त्या वेळी त्यांना काय सांगायचं ते मला एकटीला येणार नाही. ते तुमचंच ऐकतात. माझं ते नुसतं ऐकून घेतात.

म्हणून या. कातर घेऊन नको, बस गाठायची घाई करून नको. भावोजींना घेऊन या, चार दिवस राहायला या. आधी त्यांना मोठ्या शेडच्या खिडकीशी बसवू आणि खाद्य सोडू, आणि ते बघत असताना खरं काय ते सांगू. तुम्ही डाव्या बाजूला उभ्या राहा, मी उजव्या. मला फार भीती वाटते आहे, जाऊबाई. तो हातमोजा पाहिल्यापासून मला माहीत आहे की तुम्हालाही वाटत होती.

तुमचीच,
धाकटी